लोखंडी कास्टिंगच्या एक्स-रेसाठी गॅडोलिनियमची शीट: डीआरझेड-प्लस

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीने फिल्म सोडून मॉनिटरवर एक्स-रे बघायचं ठरवलं, की विक्रेते बहुतेक वेळा सीझियम आयोडाइडचा पॅनेल (एक्स-रेचा उजेड करून प्रतिमा देणारा) पुढे करतात. त्याची प्रतिमा देखणी असते, यात वाद नाही. तरी ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न या ओतीव लोखंडाच्या दोन प्रकारांच्या रोजच्या कामाला आमची पसंती गॅडोलिनियम ऑक्सिसल्फाइडच्या शीटलाच आहे, आणि त्यातही मित्सुबिशीच्या डीआरझेड-प्लसला.

टर्बियम मिसळलेली गॅडोलिनियम ऑक्सिसल्फाइडची भुकटी बाइंडरमध्ये कालवून पांढऱ्या प्लास्टिकच्या अस्तरावर तिचा थर दिलेला असतो. एक्स-रे पडले की तो थर हिरवा उजळतो. या उजेडाचा जोर ५४५ नॅनोमीटरच्या आसपास असतो आणि साधा सिलिकॉन कॅमेराही तो चांगला टिपतो. फिल्मबरोबर वापरायच्या शिशाच्या पत्र्याशी याची गल्लत करू नये. तो पत्रा उजेड देत नाही, त्यातून सुटणारे इलेक्ट्रॉन फिल्म काळी करतात.

डीआरझेड तीन जाड्यांत मिळते. स्टँडर्डचा थर १४० मायक्रॉनचा, प्लसचा २०८ आणि हायचा ३१०. थर जाड असला की उजेड वाढतो, पण भुकटीत तो आडवा पसरतो आणि कडा मऊ पडतात. १० ते २५ मिमी भिंतीच्या लोखंडाला प्लस बरोबर बसते. हाय घेऊन वेळ वाचतो खरा, पण बारीक श्रिंकेजची (धातू थंड होताना आकसून राहिलेल्या पोकळ्यांची) जाळी पुसट होते. अशा कामात वेळेपेक्षा ती जाळी मोलाची.

आता सीझियमची बाजू. आयोडीन ३३ आणि सीझियम ३६ केईव्हीला (केईव्ही हे एक्स-रेच्या ऊर्जेचं माप) एकदम जास्त एक्स-रे शोषू लागतात, गॅडोलिनियम ५०.२ केईव्हीला. म्हणजे ३६ ते ५० या पट्ट्यात सीझियम आयोडाइड कितीतरी पुढे असतं. छातीच्या एक्स-रेत नेमका हा पट्टा कामाचा. पण २२५ केव्ही दाबाच्या एक्स-रे ट्यूबवर २० मिमी लोखंड ठेवलं, तर त्यातून ५० केईव्हीखालचं काहीच पलीकडे पोचत नाही. जे पोचतं तिथे गॅडोलिनियमने उडी घेतलेली असते. लोखंडापुरता सीझियमचा तो फायदा संपतो. त्याचा दुसरा गुण मात्र खरा आहे: त्याचे स्फटिक सुयांसारखे उभे वाढतात आणि उजेड सरळ खाली नेतात, म्हणून ५००–६०० मायक्रॉनचा थरही धारदार राहतो. ॲल्युमिनियमचे पातळ कास्टिंग कमी केव्हीवर बघणाऱ्याने सीझियमच घ्यावं.

लोखंडात सीझियम नडतं ते वेगळ्या कारणाने. कास्टिंगच्या कडेबाहेर पूर्ण झोत थेट पॅनेलवर पडतो. थॅलियम मिसळलेल्या सीझियम आयोडाइडमध्ये जास्त डोस बसलेली जागा पुढे बराच काळ जास्त उजळते. मग पंप बॉडी काढून ब्रॅकेट ठेवला, तरी पंप बॉडीची बाह्यरेषा ब्रॅकेटवर उमटते. नेमकी ती रेघ बॉसवरून (कास्टिंगवरच्या उंचवट्यावरून) गेली तर तपासणारा तडा म्हणून माल बाजूला काढतो. गॅडोलिनियममध्ये हा त्रास फारच कमी. तरी कडेला शिशाचा पत्रा लावून झोत अडवावाच आणि ट्यूबच्या तोंडाशी तांब्याचा फिल्टर ठेवावा. शिवाय सीझियम आयोडाइड ओल धरतं. त्याचं सील कुठे उकललं तर कोल्हापूरचा पावसाळा त्याची परीक्षा बघतो.

शीटचा खरा शत्रू म्हणजे फाउंड्रीतली वाळू. उजळणाऱ्या बाजूवर बसलेला कण थेट प्रतिमेत काळा ठिपका दिसतो. ब्लोहोल (वायूने पडलेली पोकळी) पांढरा दिसतो, त्यामुळे तिथे फसगत होत नाही. पण आत राहिलेल्या चॅपलेटसारखा (ओतताना कोअरला टेकू देणाऱ्या धातूच्या तुकड्यासारखा) तो हमखास वाटतो. प्रतिमा उलटी केली असेल तर ठिपका पांढरा आणि ब्लोहोल काळा होतो, म्हणजे दोघांतला फरक तसाच राहतो. ओळखायला कास्टिंग दोन बोटं सरकवावं. ठिपका कास्टिंगबरोबर सरकला तर दोष मालात, जागेवर राहिला तर शीटवर. पुसण्याआधी रबरी फुग्याने वारा मारावा, मग मऊ ब्रश. वाळू तशीच ठेवून कापड फिरवलं की वरच्या पातळ आवरणावर कायमचे ओरखडे पडतात. ॲसिटोन किंवा थिनर लावला तर आवरण आणि बाइंडर दोन्ही जातात.

बसवताना होणारी चूक बहुधा एकच असते. शीटचा उजेड आरशातून कॅमेऱ्याकडे नेणाऱ्या पेटीत भुकटीचा थर कॅमेऱ्याकडे हवा आणि पांढरं अस्तर ट्यूबकडे. उलटं झालं तर उजेड अस्तराआडच अडकतो, प्रतिमा अंधारी येते, आणि माणसं मिलिअँपियर (ट्यूबचा प्रवाह) वाढवत बसतात. पेटीतला आरसा ४५ अंशात असतो तो कॅमेरा झोताबाहेर राहावा म्हणून. त्यामुळे आरसा काढून पेटी आखूड करण्याच्या फंदात पडू नये. शीट फोटोडायोडवर (उजेड थेट टिपणाऱ्या सेन्सरवर) दाबून बसवायची असेल तर मागचा फोम सगळीकडे सारखा दाबला गेला पाहिजे. जिथे फट राहते तिथे ठरावीक पट्टा कायम धूसर दिसतो.

माल ताब्यात घेताना डुप्लेक्स वायर गेज (बारीक होत जाणाऱ्या तारांच्या जोड्यांची पट्टी) लावून बघावं. तारांची जी पहिली जोडी विभागलेली दिसत नाही, म्हणजे मधली दरी २० टक्क्यांपेक्षा कमी भरते, तिच्यावरून स्पष्टता ठरते. डी-१० जोडीची तार ०.१० मिमी, डी-८ ची ०.१६. गेज कास्टिंगवर न ठेवता थेट शीटला चिकटवून, मोठेपणा न देता घ्यावं, म्हणजे शीटची स्वतःची स्पष्टता कळते. मग तेच कास्टिंगच्या ट्यूबकडच्या बाजूला लावून पुन्हा. प्रतिमा खरखरीत वाटली तर केव्ही चढवण्याआधी फ्रेमची सरासरी वाढवावी: १६ फ्रेमने खरखर चौथ्या हिश्शावर येते, ६४ ने आठव्या. डार्क आणि गेनची दुरुस्ती (अंधारातला पाया वजा करून जागोजागचा कमीजास्त प्रतिसाद सारखा करणं) यंत्र तापून स्थिर झाल्यावरच घ्यावी. सकाळी थंड यंत्रावर घेतलेली दुपारी चालत नाही. विक्रेत्याकडून एक जादा शीट त्याच बॅचची मागून घ्यावी आणि ती सपाट, अंधारात, कोरड्या पाकिटात ठेवावी. गुंडाळून कपाटावर टाकली तर थराला तडे जातात आणि ती नवी असूनही वाया जाते.