इस्तंबूलच्या गाण्याच्या बारमध्ये माझे ५८ हजार गेले

आमच्या इचलकरंजीतून बरेच जण इस्तंबूलला कापड यंत्रांच्या प्रदर्शनाला जातात. त्यांच्यासाठी आणि तिकडे नुसतं फिरायला जाणाऱ्यांसाठीही हे लिहितोय. जून २०२४ मध्ये तिथे एका रात्रीत माझ्याकडून २२,४०० तुर्की लिरा उकळले. तेव्हाच्या भावाने जवळपास ५८ हजार रुपये. घरी सांगायला मला दोन महिने लागले.

प्रदर्शन शहराच्या पार पश्चिम टोकाला असतं. शेवटची संध्याकाळ मोकळी होती, म्हणून एकटाच ताक्सिम चौकात आलो. मी लहानपणापासून भजनी मंडळात पखवाज वाजवतो. तिकडचे ठेके समोर बसून ऐकायचे, एवढीच इच्छा होती.

चौकातून इस्तिकलाल नावाचा रस्ता निघतो. जवळपास दीड किलोमीटर, सगळा पायी चालणाऱ्यांचा, मधून जुनी लाल ट्राम घंटा वाजवत जाते. हा बेयोलू भाग. रस्त्यावर कुणी साझ, म्हणजे लांब दांड्याचं तंतुवाद्य, घेऊन बसलेलं, बाजूच्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवरून गाण्याचे आवाज. नेविझादे नावाच्या गल्लीत तर जुन्या धर्तीच्या मेहान्यांची, म्हणजे दारू-जेवणाच्या खानावळींची, रांगच आहे. लोक जेवतायत, पितायत आणि टेबलांच्या मधून क्लॅरिनेट, कानून (मांडीवर घेऊन छेडायचं तंतुवाद्य) आणि दरबुका (हाताने वाजवायचा पेल्यासारखा ढोल) वाजवणारे फिरतायत.

एका दारात मी थबकलो. नऊ मात्रा चालल्या होत्या. आपल्याकडे मत्तताल नऊ मात्रांचाच, पण ही चाल वेगळी: दोन, दोन, दोन आणि शेवटी तीन. ते शेवटचे तीन असे झेप घेऊन येतात की समेवर मान आपोआप हलते. मी मांडीवर बोटांनी मोजत होतो. चार-पाच आवर्तनांत सम हाताला लागली, इतका आनंद झाला म्हणून सांगू!

नेमकं तेच कुणीतरी बघत होतं.

“तुम्ही वाजवता का?” तिशीतला माणूस, नीटनेटके कपडे, स्वच्छ इंग्रजी. अंकाराहून कामाला आलोय, एकटाच आहे, म्हणाला. मी हिंदिस्तानचा म्हटल्यावर छातीवर हात ठेवला आणि मला ‘अबी’ म्हणू लागला. अबी म्हणजे दादा. चहा त्यानेच पाजला, मला पैसे काढू दिले नाहीत. अर्धा तास आम्ही फक्त ठेक्यांवर बोललो. हे मुद्दाम सांगतोय, कारण ‘अनोळखी माणसाबरोबर गेलासच कसा?’ असं मला सगळे विचारतात. तो दारूचं बोलला नाही, बायकांचं बोलला नाही. माझ्या आवडीचं बोलला. मग म्हणाला, इथे पर्यटकांसाठी वाजवतात, खरे वादक रात्री दुसरीकडे जमतात.

टॅक्सीने सात-आठ मिनिटं. तळघरात उतरणारा जिना, दाराशी दोन दांडगे. आत एक कीबोर्डवाला आणि एक गायिका, बाकी ठेका यंत्रातून. दरबुका नव्हताच. तिथेच मी मागे फिरायला हवं होतं. टेबलावर दरपत्रक नाही. बिअर मागवली, बाहेर तेव्हा ती दीडशे-दोनशे लिराला मिळत होती. तेवढ्यात दोन मुली येऊन शेजारी बसल्या. मी बोलावलं नव्हतं. त्यांच्यापुढे ग्लास आले, फळांची ताटली आली, शॅम्पेनची बाटली उघडली गेली. मी उठून बिल मागितलं. आत येऊन वीस मिनिटंही झाली नव्हती.

काळ्या फोल्डरमध्ये हाताने लिहिलेला कागद. खाली आकडा ४४,८०० लिरा. मला वाटलं शून्य जास्त पडलं असेल.

माझ्या सोबत्याचा चेहरा उतरला. तो मॅनेजरशी तुर्कीत भांडला, मग माझ्याकडे वळून म्हणाला, “अबी, चूक माझी आहे. अर्धे मी देतो, अर्धे तू दे.” आणि त्याने आपलं कार्ड मशिनला लावलंसुद्धा. सगळा डाव या एका वाक्यात आहे. समोरचाही आपल्याबरोबर बुडतोय असं दिसलं की माणूस भांडायचं सोडून भागाकार करायला लागतो. तोवर दोन्ही दांडगे जिन्याच्या पायथ्याशी येऊन उभे राहिले होते. मी फोन काढला तर एकाने तो हाताने खाली दाबला. मी फॉरेक्स कार्डाचा, म्हणजे परकीय चलन भरलेल्या कार्डाचा, पिन टाकला. बाहेर आलो तेव्हा सोबती मागे नव्हता. तो आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी शहराच्या सुलतानअहमद भागात पर्यटक पोलिसांकडे गेलो. त्यांनी जबाब घेतला, पण मला ना गल्ली सांगता आली ना बारचं नाव, आणि कार्डाच्या पावतीवर भलत्याच कंपनीचं नाव होतं. रात्री परतीचं विमान. इकडे आल्यावर बँकेने तक्रार फेटाळली, कारण पिन मी स्वतः टाकला होता.

ब्रिटिश सरकार आपल्या नागरिकांना तुर्कस्तानसाठी जी प्रवाससूचना देतं, तीत रेस्टॉरंट किंवा नाइटक्लबला नेतो म्हणणाऱ्या अनोळखी माणसापासून सावध राहा असं लिहिलेलं आहे. मी ती नंतर वाचली. तुम्ही आधी वाचा. तिथे दरपत्रक दारात आणि टेबलावर ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे, ते दिसलं नाही तर बसूच नका. आत जाण्याआधी पाटीचा फोटो घरी पाठवा, पोलिसांना पत्ता तरी देता येईल. अंगावर आलंच तर ११२ हा तिथला आपत्कालीन नंबर लावा. इस्तंबूलमध्ये भारताचं वाणिज्य दूतावासही आहे, त्याचा नंबर जवळ ठेवा. आणि कार्डाची मर्यादा ॲपमधून रोजच्या खर्चापुरतीच ठेवा. हे मी केलं असतं तर तो पिन टाकूनही एवढे गेले नसते.

चहा घेताना मी नेविझादेतल्या त्या दाराचा फोटो काढला होता, तो अजून फोनमध्ये आहे. दरबुकावाला हसतोय, त्याच्या शेजारी दरांची पाटी स्पष्ट वाचता येते आणि आत दोन खुर्च्या रिकाम्या आहेत.