सरपण वाळवायला वारा की बॉयलर?

नुकत्याच पाडलेल्या झाडाच्या एक टन लाकडात सुमारे ४५० किलो पाणी असू शकते. हेच लाकूड २० टक्के ओलाव्यावर आणायचे तर त्यातले ३१२ किलो पाणी बाहेर काढावे लागते. वारा हे काम फुकट करतो, पण वर्ष-दोन वर्षे घेतो. बायोमास बॉयलरवर चालणारी भट्टी तेच काम काही दिवसांत उरकते, पण लाकूड वाळवण्यासाठी लाकूडच जाळते. जळाऊ लाकडाचा व्यवसाय वाढवू पाहणाऱ्याला कधी ना कधी या दोन्हींत निवड करावी लागते आणि बहुतेक जण सुरुवात बॉयलरच्या कोटेशनपासून करतात. ही सुरुवातच चुकीची आहे. आधी पाण्याचे किलो मोजा. बॉयलर किती किलोवॉटचा, खोली केवढी, मुळात खोली हवी की नुसते छप्पर पुरेल, हे सगळे त्या एका आकड्यातून निघते.

आधी टक्क्यांचा घोळ सोडवा

ओलावा दोन तऱ्हांनी सांगितला जातो. सरपणाच्या व्यवहारात पाण्याचे वजन भागिले एकूण ओले वजन, तर इमारती लाकडाच्या व्यवहारात पाण्याचे वजन भागिले कोरड्या लाकडाचे वजन. वरच्या उदाहरणात ४५० किलो पाणी आणि ५५० किलो कोरडा माल आहे. पहिल्या रीतीने तो ४५ टक्के ओला, दुसऱ्या रीतीने ८२ टक्के. सरपणवाल्याचे २० म्हणजे सुताराचे २५. दोन सुया टोचून मोजणारे मीटर बहुधा सुताराच्या रीतीने आकडा दाखवतात. त्यामुळे मीटरवर २५ दिसले म्हणून माल पुन्हा भट्टीत लोटणारा तयार मालावर इंधन जाळत असतो. शिवाय ३० च्या वर या मीटरच्या आकड्यावर विसंबू नये.

मोजतानाही तुकडा मधोमध फाडून आतल्या ताज्या भागावर सुया टोचाव्यात. टोके सगळ्यात आधी वाळतात, तिथला आकडा नेहमी सुखावणारा असतो. शंका उरलीच तर तुकड्याचे वजन करून तो १०५ अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये वजन घटणे थांबेपर्यंत ठेवावा. इतका खात्रीचा दुसरा उपाय नाही.

वाऱ्याची बाजू

छपराखाली वाळवण्याला इंधन लागत नाही, वीज लागत नाही, देखभाल जवळपास नाही. लागते ती जागा, वेळ आणि नीट रचाई. लाकडात पाणी रेषांच्या दिशेने जितके भरभर सरकते, त्याच्या दहाव्या-पंधराव्या हिश्शानेच आडव्या दिशेने सरकते. म्हणून दोन-तीन मीटरचे सालीसकट ओंडके वर्षभर पडून राहिले तरी आतून ओलेच निघतात आणि तेच लाकूड २५-३० सेंटिमीटरचे तुकडे करून फाडून ठेवले की एका उन्हाळ्यात ओळखू येत नाही इतके हलके होते. तुम्ही ‘वाऱ्याने वाळत नाही’ अशा निष्कर्षाला आला असाल, तर आधी आठवून पाहा: फाडले कधी होते? पाडल्याची तारीख वाळवणीच्या हिशेबात धरू नये, फाडल्याची धरावी.

थप्पी जमिनीपासून उचललेली, वरून झाकलेली, बाजूंनी उघडी हवी. ताडपत्रीत चहूबाजूंनी गुंडाळलेला ढीग वाळत नाही, उबतो. लाकडाची जातही पाहावी लागते. ॲश मुळातच कमी पाण्याचा, त्याला एक उन्हाळा पुरू शकतो. ओकला दोन वर्षे द्यावी लागतात. बर्च न फाडता ठेवला तर वाळण्याआधी कुजायला लागतो, कारण त्याची साल पाणी बाहेर पडूच देत नाही.

वाऱ्याला मर्यादाही आहे आणि ती समजून घेतली तर पुढचा निर्णय सोपा होतो. लाकूड भोवतालच्या हवेशी जुळवून घेते. हवेतली आर्द्रता सतत ८० टक्क्यांच्या आसपास असेल तर छपराखालचे लाकूड सुताराच्या रीतीने १६ टक्क्यांच्या जवळ येऊन थांबते. सरपणाला तेवढे पुष्कळ झाले. पण तिथवरची वाट सरळ नाही. सुरुवातीचे पाणी लवकर जाते, शेवटचे रेंगाळते, आणि युरोपासारख्या थंड प्रदेशात हिवाळ्यातल्या दमट थंडीत काम जवळजवळ थांबते. नेमकी तेव्हाच गिऱ्हाइकाची मागणी वाढलेली असते. वर्ष-दीड वर्षाचा माल अंगणात म्हणजे तेवढे भांडवल अंगणात, हे वेगळेच. मागणीचा अंदाज एका हंगामासाठी चुकला तरी तो सावरायला पुढचे वर्ष उजाडावे लागते.

भट्टीची बाजू

भट्टी म्हटले की जाळ डोळ्यांसमोर येतो, पण इथे लाकडाच्या खोलीत जाळ नसतो. बाहेर बॉयलर असतो. त्यातले ८०-९० अंशांचे पाणी पाइपातून एका कॉइलमधून फिरते, मोठा पंखा तिच्यातून हवा ढकलतो आणि तापलेली हवा जाळीच्या क्रेटमधल्या लाकडातून जाते. ओली झालेली हवा झडपांतून बाहेर सोडतात. खोली म्हणून इन्सुलेशन केलेला शिपिंग कंटेनरही चालतो. ताजे लाकूड अशा खोलीत दोन दिवस ते आठवडाभरात तयार होते. जात, तुकड्याची जाडी आणि तापमान यांवर ते ठरते.

सरपण वाळवणे फर्निचरचे लाकूड वाळवण्यापेक्षा कितीतरी सोपे आहे. तिथे फळी तडकू नये, वाकू नये म्हणून ताप जपून वाढवावा लागतो. इथे तडे गेले तर उत्तमच, पाणी बाहेर पडायला वाट मिळते. त्यामुळे नेमक्या नियंत्रणाच्या महागड्या पॅनेलवर खर्च करण्यापेक्षा तोच पैसा हवेच्या मार्गावर घालावा. हवा आळशी असते. क्रेट आणि छत यांच्यात वीतभर फट राहिली तर ती लाकडातून न जाता तिथूनच निघून जाते. त्या फटीवर जाड कापड किंवा पत्रा लावणे हा भट्टीतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित उपाय आहे.

दुसरी चूक झडपांची. उष्णता वाचवायची म्हणून झडपा बंद ठेवल्या आणि खोली ३०-४० अंशांवर घुटमळत राहिली की लाकडावर बुरशी धरते. भट्टीत वाळवलेल्या सरपणावर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर गिऱ्हाईक पुन्हा येत नाही, आणि त्याचे बरोबरच असते.

एका बाबतीत भट्टीला तोड नाही: किडे. वाऱ्याने वाळलेल्या लाकडात अळ्या जिवंत राहू शकतात. ॲशची झाडे मारणारा एमराल्ड ॲश बोरर हा किडा अमेरिकेत २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडला आणि जळाऊ लाकडाच्या वाहतुकीतूनही तो दूरवर पसरला. अशा किडीचा बंदोबस्त करायला लाकडाच्या गाभ्यापर्यंत ६० अंश तापमान तासभर टिकवावे लागते. लाकूड दूरच्या प्रदेशात पाठवायचे असेल तर नुसते कोरडे असणे पुरत नाही, तापवल्याचा पुरावा लागू शकतो, आणि तो वारा देत नाही.

पाण्याचा हिशेब

एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६७ युनिट (किलोवॉट-तास) उष्णता लागते. हा निसर्गाचा किमान दर झाला. भिंतींतून, झडपांतून आणि लाकूड तापवण्यात जाणारी उष्णता धरली तर चांगल्या भट्टीतही किलोमागे १ ते १.५ युनिट धरावे. मी १.३ धरतो.

एक टन ताजे लाकूड: ३१२ किलो पाणी, म्हणजे सुमारे ४०५ युनिट उष्णता. बॉयलरची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर इंधनात ५०० युनिटच्या वर. कोरड्या सरपणात किलोमागे ४ युनिटच्या आसपास ऊर्जा असते, म्हणजे सव्वाशे किलोहून थोडे अधिक सरपण जाळून तुमच्या हाती ६८७ किलो माल येतो. दर शंभर किलोमागे साधारण १८ किलो गेले.

आता तेच लाकूड फाडून आधी छपराखाली ठेवले आणि सरपणाच्या रीतीने ३० टक्क्यांवर आल्यावर भट्टीत घातले, तर काढायचे पाणी उरते फक्त ९८ किलो. इंधन लागते सुमारे ४० किलो, म्हणजे शंभरामागे ६ च्या आत. एकाच भट्टीतून, एकाच बॉयलरवर, तिप्पट माल निघू शकतो.

हा फरक पाहिल्यावर ‘वारा की बॉयलर’ हा प्रश्न बदलून जातो. पहिले दोन-तृतीयांश पाणी वाऱ्याला भरभर काढता येते. तिथे लाकूड जाळणे मला पटत नाही. शेवटचा भाग वाऱ्याला नको असतो आणि भट्टीला तो परवडतो. ताज्या लाकडाला थेट भट्टीत घालणारा उद्योग तेवढ्याच कामासाठी तिप्पट मोठा बॉयलर विकत घेतो.

एक गैरसमजही इथेच दूर करतो. ‘वाळवल्याने ऊर्जा वाढते, म्हणून भट्टीचा खर्च भरून निघतो’ असे सांगितले जाते. चुलीत ओल्या लाकडातले पाणी उकळायला जी उष्णता गेली असती ती वाचते, हे खरे. पण भट्टीत तेवढी तर लागतेच, वर गळती वेगळी. शुद्ध ऊर्जेच्या हिशेबात भट्टी नेहमी तोट्यात असते. तिचा फायदा अन्यत्र आहे: धूर कमी, धुराड्यात डांबर कमी साचते, ज्वलन अधिक पूर्ण होते आणि वर्षभर एकसारखा माल देता येतो.

विजेकडेही लक्ष असू द्या. ४ किलोवॉटचा पंखा पाच दिवस अखंड चालला तर ४८० युनिट वीज खातो. इंधन स्वतःच्या वखारीतले असले तरी ही वीज विकतच आणावी लागते, आणि कोटेशनमध्ये तिचा उल्लेख क्वचितच असतो.

बॉयलर कोणता

हाताने लाकडे भरायचा बॉयलर स्वस्त आणि साधा. पण त्याला स्वतःलाच २० टक्क्यांच्या आसपासचे कोरडे लाकूड लागते, म्हणजे विकायच्याच मालातून त्याला वाटा द्यावा लागतो. शिवाय रात्री उठून भरणे आले. गरम पाणी साठवून ठेवणारी मोठी बफर टाकी असेल तरच ते टळते. ढलप्यांवर चालणारा स्वयंचलित बॉयलर महाग, पण फाडणी यंत्राखाली पडणारा कचरा आणि वेडेवाकडे तुकडे त्यात खपतात. जळते इंधन पुढे ढकलणाऱ्या सरकत्या जाळीचा असेल तर बऱ्यापैकी ओल्या ढलप्याही चालतात. साल मात्र जपून घालावी. तिच्यात राख जास्त असते, ती वितळून गठ्ठे होतात. ज्याच्याकडे असा कचरा भरपूर आहे आणि तो उचलून न्यायला पैसे द्यावे लागतात, त्याच्यासाठी भट्टीचे गणित एकदम बदलते. ज्याला ढलप्या विकत घ्याव्या लागणार, त्याने दोनदा विचार करावा.

दोन गोष्टींत तडजोड नको. बॉयलरकडे परतणारे पाणी ५५-६० अंशांच्या खाली जाऊ देऊ नये. ओल्या लाकडाने भरलेली गार खोली पहिल्या दिवशी इतकी उष्णता ओढते की परतीचे पाणी गार होते, बॉयलरच्या आत आम्लयुक्त दव धरते आणि ते पत्रा खाते. त्यासाठीची, परतीच्या पाण्यात गरम पाणी मिसळणारी झडप बसवलेली आहे ना, हे स्वतः पाहावे. दुसरी गोष्ट, वीज गेली की पंप थांबतो, पण आतला जाळ थांबत नाही. ती उष्णता सुरक्षितपणे कुठे जाणार याचे उत्तर विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

सौर वाळवणी घर आणि विजेवरचे आर्द्रताशोषक यंत्र हेही पर्याय आहेत. पहिले हिवाळ्यात लंगडे पडते, दुसरे छोट्या प्रमाणावर ठीक. आठवड्याला काही टन माल असेल तर दोन्ही कमी पडतात.

अनुदान बाजूला ठेवून

ब्रिटनमध्ये २०११ साली उष्णतेच्या प्रत्येक युनिटमागे पैसे देणारी योजना सुरू झाली आणि लाकूड जाळून लाकूड वाळवणाऱ्या भट्ट्यांना जोर आला. २०१८ मध्ये नव्या अर्जदारांसाठी लाकूड वाळवण्यावर बंधने आली, २०२१ मध्ये योजना नव्यांसाठी बंदच झाली. उत्तर आयर्लंडमध्ये तर अनुदानाचा दर इंधनाच्या खर्चापेक्षा जास्त होता. जितके जाळाल तितका नफा. त्यावरून झालेल्या वादात जानेवारी २०१७ मध्ये उपमुख्यमंत्री मार्टिन मॅकगिनेस यांनी राजीनामा दिला. अशा योजनेच्या बळावर उभा राहणारा हिशेब अनुदान शून्य धरूनही जमतो का, हे आधी तपासा.

नियम मात्र दुसऱ्या बाजूने झुकत आहेत. १ मे २०२१ पासून इंग्लंडमध्ये दोन घनमीटरपेक्षा कमी प्रमाणात विकले जाणारे सरपण २० टक्के किंवा त्याहून कमी ओलाव्याचे असावे लागते. छोट्या जाळ्या आणि पिशव्या विकणाऱ्याला ‘बहुधा वाळले असेल’ म्हणून चालत नाही. तिथे भट्टीची शेवटची फेरी म्हणजे विम्यासारखी आहे.

कुणी काय घ्यावे

जागा मोकळी, वारा चांगला, गिऱ्हाईक ठरलेले आणि ट्रॉलीने माल नेणारे असेल तर बॉयलर घेऊ नका. ते पैसे छप्पर, क्रेट आणि एक वर्षाच्या जादा साठ्यात घाला. जागा कमी, विक्री पिशव्यांतून आणि फाडणीचा कचरा स्वतःचा असेल तर भट्टी घ्या, पण ३० टक्क्यांपासून पुढच्या कामापुरती लहान घ्या. वाळवलेला माल उघड्या शेडमध्येच राहणार असेल तर तो १० टक्क्यांपर्यंत खाली नेऊ नका; दमट हवेत तो पुन्हा वर चढतो आणि ते इंधन वाया जाते.

आणि निर्णयाआधी एक काम करा. आज फाडलेल्या लाकडाचा एक क्रेट भरा, वजन करून त्यावर तारीख लिहा, छपराखाली सगळ्यात बरा वारा लागतो तिथे ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी वजन घ्या. एक तुकडा ओव्हनमध्ये वाळवून सुरुवातीचा ओलावा काढून ठेवला असेल, तर प्रत्येक वजनावरून त्या दिवसाचा ओलावा मांडता येतो. तुमच्या अंगणातला वारा ३० टक्क्यांपर्यंत किती आठवड्यांत पोचतो हे कळले की बॉयलरवाल्याला कोणता आकडा सांगायचा तेही कळते.