लांबच्या स्थलांतरापूर्वी जुन्या गाडीची तपासणी : कोथरूडमधील एका गॅरेजचा अनुभव

पुण्याहून डेहराडूनला कायमचे राहायला जाण्यापूर्वी आमची २०११ ची सँट्रो या गॅरेजमध्ये तपासायला दिली होती. येथील मिस्त्रींनी फक्त इंजिन ऑइल बदलून गाडी परत केली नाही, तर टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्या हालचालींचा मेळ राखणारा पट्टा), वॉटर पंप आणि कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, कडक झालेले होजपाइप आधी पाहिले, कारण बेल्ट धावत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिनच निकामी होऊ शकते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि लांब उतारावर तापून ब्रेक सैल पडतात, म्हणून तेही पूर्ण बदलले. टायरची नक्षी चांगली होती. तरीही बाजूवरील चार अंकी आकड्यातून, म्हणजे आठवडा आणि वर्ष यांतून, त्यांचे वय वाचून दाखवले, हे मला विशेष आवडले. काढलेले सुटे भाग मागण्याआधीच समोर ठेवले. मजुरी थोडी जास्त वाटली, पण योग्यच होती. आरटीओची कामे मात्र येथे होत नाहीत. बारा महिन्यांहून अधिक काळ परराज्यात गाडी ठेवायची असल्यास तेथे नवी नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी नमुना २८ वरील ना-हरकत प्रमाणपत्र आपण प्रवासाला निघण्यापूर्वीच मिळवावे.