आंब्याच्या ऑर्डरींसाठी पायथन, जावा की गो? मराठी मजकूर मेमरीत कसा बसतो ते बघून ठरवा

देवगड-रत्नागिरीकडे हंगामात पेट्यांच्या ऑर्डरी घ्यायला छोटं सॉफ्टवेअर लिहायचंय, नावं-पत्ते-लेबलं सगळं मराठीत, तर प्रोग्रामिंगची भाषा निवडताना ती मजकूर कसा साठवते हे एकदा बघाच, पुढची निम्मी डोकेदुखी तिथूनच येते.

‘रत्नागिरी’ घ्या. डोळ्याला चार अक्षरं दिसतात, पण युनिकोडच्या (जगभरच्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणारी यादी) हिशोबात ९ चिन्हं, कारण काना, वेलांटी, पाय मोडायची खूण सगळं वेगळं मोजतात. गो आणि रस्ट (हीसुद्धा प्रोग्रामिंगची भाषा) यूटीएफ-८ वाले, म्हणजे चिन्हं बाइटांत (मेमरीचं माप) साठवायची एक पद्धत, तिच्यात देवनागरी चिन्हाला ३ बाइट, म्हणून लांबी विचारली की २७ सांगतात. जावा, जावास्क्रिप्टचा कारभार यूटीएफ-१६ या दुसऱ्या पद्धतीचा, तिथे चिन्हाला २ बाइट आणि लांबी ९. पायथनही ९च म्हणतं.

मग मराठीला यूटीएफ-१६ स्वस्त? नुसतं मराठी असेल तर हो, पण पत्त्यात पिनकोड, फोन, ईमेल येणारच, आणि ते यूटीएफ-८ मध्ये अक्षराला १ बाइटात बसतं. जावा ९ पासून नुसत्या इंग्रजी स्ट्रिंगला (म्हणजे मजकुराच्या तुकड्याला) तिथेही १च बाइट लागतो, पण एक ‘र’ घुसला की अख्खी स्ट्रिंग २ वर जाते. पायथन ३.३ पासून (२०१२) तसंच, वर इमोजी आला तर थेट ४. म्हणजे १००० इंग्रजी अक्षरांच्या नोटखाली कुणी हौसेने आंब्याचा इमोजी डकवला की पायथनात ४००४ बाइट (वरखर्च वेगळा), गोमध्ये १००४!

खरी गंमत लेबल कापताना. पायथन, जावा, जावास्क्रिप्टमध्ये पहिली ६ चिन्हं घेतलीत तर ‘रत्नाग’ छापून येतं, वेलांटी गायब. गोमध्ये ७ बाइटांवर कापलंत तर ‘रत’ आणि पुढे कचरा. रस्ट तिथे सरळ पॅनिक होऊन, म्हणजे चूक दाखवून, थांबतं. मला तेच बरं वाटतं, निदान चूक दुकानात बसूनच कळते, पेटी मुंबईला पोचल्यावर नाही.

माझं मत विचाराल तर इतक्या छोट्या कामाला मेमरीवरून भाषा ठरवू नका, येत असेल तर पायथनच घ्या. रोज ढीगभर मजकूर नेटवर पाठवायचा असेल तर गो, कारण फाइल आणि नेटवर बहुतेक यूटीएफ-८च चालतं, रूपांतराची कटकट नाही. रस्ट शिकायला वेळ असेल तरच. कापाकापीला मात्र कुठल्याही भाषेत ग्राफीम (डोळ्याला दिसणारं अख्खं अक्षर) मोजणारी लायब्ररी (तयार कोड) लागेल, जावास्क्रिप्टमध्ये ‘इंटल सेगमेंटर’ आयता मिळतो.

आणि डेटाबेस मायएसक्यूएल असेल तर जुना ‘यूटीएफ८’ घेऊ नका, तो ३ बाइटांपर्यंतच जातो, मराठी बसतं पण इमोजी नाही. ‘यूटीएफ८एमबी४’ ठेवा.