मिरजेहून ट्रिनिटीत: आठ महिन्यांनंतर

मिरजेत वाढल्यामुळे 'प्रेस्बिटेरियन' हा शब्द, म्हणजे ख्रिस्ती धर्मातल्या एका प्रोटेस्टंट पंथाचं नाव, मला लहानपणापासून ओळखीचा. आमच्याकडचं मिशन हॉस्पिटल १८९४ मध्ये डॉ. वॉनलेस यांनी काढलं, ते याच पंथाच्या अमेरिकी मिशनतर्फे. आजीची बाळंतपणं तिथलीच. तरी मी टेक्सासमधल्या ट्रिनिटी युनिव्हर्सिटीत जाणार म्हटल्यावर तिनं पहिल्यांदा हेच विचारलं, "दर रविवारी चर्चला जावं लागेल का गं?" नाही लागत. कॅम्पसवरच्या पार्कर चॅपलमध्ये मी गेले ती ऑर्गन ऐकायला, आपणहून.

अमेरिकेतल्या यादवी युद्धात कंबरलँड प्रेस्बिटेरियन या त्याच पंथाच्या एका शाखेची तीन कॉलेजं बुडाली. त्यांच्या जागी १८६९ मध्ये टेहुआकाना या खेड्यात ट्रिनिटी निघाली. पुढे १९०२ ला वॅक्सहाची, १९४२ ला सॅन अँटोनियो, असं दोनदा बिऱ्हाड हललं. आताचा कॅम्पस एका जुन्या दगडखाणीच्या जागेवर आहे, त्यामुळे वरचा भाग, खालचा भाग आणि मध्ये पायऱ्याच पायऱ्या. लाल विटांच्या इमारती ओनील फोर्ड या वास्तुकाराच्या. काहींचे स्लॅब जमिनीवरच ओतून मग जॅकनं वर चढवलेत, हे कळल्यापासून मी छताकडे बघतच चालते.

पण खरं सांगायचंय ते वर्गाबद्दल. सगळे मिळून विद्यार्थी अडीच हजारांच्या आसपास. बारावीपर्यंत मी उत्तरं पाठ करून मार्क मिळवले होते. इथे पहिला निबंध परत आला तो समासभर पेन्सिलीच्या प्रश्नांनी भरून. "हे तुला कशावरून वाटतं?" असं एका वाक्याशेजारी लिहिलेलं. प्राध्यापकांच्या खोलीत जाऊन बसले, तीनदा लिहिला. तिसऱ्यांदा लिहिताना पहिल्यांदाच वाटलं की हे माझं मत आहे. वर्गात आम्ही चौदाजण. गप्प बसलं की लगेच कळतं. सुरुवातीला पोटात गोळा यायचा, आता हात आपोआप वर जातो.

गर्दीत मिसळून राहायला आवडणाऱ्यांनी मोठं विद्यापीठ बघावं. पहिली तीन वर्षं कॅम्पसवरच राहायचं असतं, तो खर्च आधी धरा. शिष्यवृत्ती नसती तर आम्हाला झेपलं नसतं, म्हणून अर्ज लवकर करा.

ऑगस्टमध्ये आम्ही सगळे नवे विद्यार्थी कॅम्पसवरचा १६६ फुटी मर्चिसन टॉवर चढलो. दुसऱ्यांदा चढायचा तो पदवीच्या वेळी. तेव्हा आईबाबा खाली उभे असावेत, एवढी तयारी आतापासून चालू आहे.