मेटाटार्सल गार्डवाले गमबूट: खाणीत आठ महिने वापरल्यावर

हे बूट मी का घेतले ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं नुसतं कौतुक वाटेल. आमच्या शिफ्टमधला एकजण फेसवर, म्हणजे खणायचं काम चालतं त्या टोकाला, रूफ ड्रेसिंग करत होता, म्हणजे छताचे सुटे दगड लांब पहारीने (बारने) पाडत होता, सपोर्टखाली, म्हणजे छताला दिलेल्या टेकूखाली उभा, बार लांब धरलेला, म्हणजे चूक अशी काहीच नव्हती, पण सुटलेला दगड बारवरूनच घसरत आला आणि त्याच्या पायावर आदळला. बोटांवर नाही, बोटांच्या मागे, साध्या बुटाची लेस बांधतो ना बरोबर त्या जागी. पाय इतका पटकन सुजला की गमबूट निघेना, शेवटी तोच म्हणाला "काप रे, बुटाचं काय घेऊन बसलास" आणि आम्ही चाकूने बूट उभा चिरला. कॅप लॅम्पच्या उजेडात तो बूट मी हातात घेऊन पाहिला, स्टील टो जशीच्या तशी, साधा ओरखडाही नाही, आणि तिच्या जेमतेम दोन बोटं मागे त्याच्या पायाची तीन हाडं मोडलेली.

तोपर्यंत मला खरंच वाटायचं की सेफ्टी बूट म्हणजे अख्खा पाय सेफ. तसं नसतं. स्टील टो फक्त बोटं झाकते. त्यामागे घोट्याच्या दिशेने पाच लांब हाडं असतात, त्यांना मेटाटार्सल म्हणतात, वर मांस जवळपास नाहीच, कातडी नि लगेच हाड. आणि खाणीत पायावर जे पडतं, दगड, छतातल्या बोल्टची लोखंडी प्लेट, प्रॉप (टेकूचा खांब), ड्रिल रॉड, ते काय बोटं बघून पडत नाही.

तर या बुटात पायाच्या वरच्या भागावर आतून एक कडक ढाल बसवलेली आहे. आतून असणं महत्त्वाचं, कारण बाहेरून लावलेले गार्ड मी पूर्वी वापरलेत, ते केबलमध्ये अडकतात, शिडी चढताना पायरीला लागतात, म्हणजे एक इजा टाळायला जाऊन दुसरी ओढवून घ्यायची. घेताना बुटावरचा शिक्का नक्की बघा. आयएसओ २०३४५ (सेफ्टी बुटांचं मानक) आणि एस ५ (त्यातला गमबुटांचा एक वर्ग) लिहिलेलं असलं तरी त्यात मेटाटार्सल येत नाही, त्यासाठी वेगळं 'एम' अक्षर लागतं. एस ५ मध्ये मिळतं काय तर २०० जूलची टो कॅप, तळव्यात टोकदार वस्तू आत घुसू नये म्हणून ११०० न्यूटनला टेस्ट केलेला थर, अँटिस्टॅटिक सोल (अंगावर स्थिर वीज साठू न देणारा), आणि पाणी आत येत नाही. 'एम' असेल तर वरच्या भागाची १०० जूलची टेस्ट झालेली असते.

आता हे जूल म्हणजे किती ते मी स्वतः हिशोब करून बघितलं. २०० जूल म्हणजे साधारण २० किलो वजन एक मीटरवरून पडलं तर जेवढा दणका बसतो तेवढा, १०० जूल म्हणजे त्याच्या निम्मा. आणि रूफमधून सुटणारी दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दोन इंच जाड अशी एक पापडी धरा, तिचंच वजन तीस-पस्तीस किलो भरतं आणि ती दोन मीटरवरून येते, म्हणजे सहाशेच्या वर. तिच्यापुढे हा बूट टिकणार नाही, कुठलाच टिकणार नाही, तिथे बोल्टिंग (छतात बोल्ट मारणं), दोन बोल्टांच्या मधली जाळी आणि सपोर्टच्या पुढे पाऊल न टाकणं हेच कामाचं. बूट नवीन आहेत म्हणून कुणी अर्धा मीटर पुढे सरकला तर त्याने ते घातले नसते तर बरं, असं मी म्हणेन. पण रोज जे छोटं छोटं पडतं, मुठीएवढे दगड, हातातून निसटलेली अवजारं, त्यासाठी हे शंभर टक्के उपयोगाचे आहेत.

एक गैरसमज अजूनही लोक सांगतात, की स्टील टो दबली तर बोटं कापून टाकते म्हणून साधा बूट बरा. अरे, ज्या वजनाने स्टील वाकतं त्याखाली उघडी बोटं राहतील का? कृपा करून नवीन पोरांना असलं काही सांगू नका.

आता खटकलेलं. पोटरीचा भाग सैल आहे. इनसेटपासून, म्हणजे शाफ्टमधून खाली उतरतो त्या जागेपासून, फेसपर्यंतची चाल, खाली चिखल, बॅलास्ट (रुळाखालची खडी), कुठे रूळ, आणि पाय आत पुढे-मागे सरकतो. पहिल्या पंधरवड्यात टाचेला फोड आले, दोनदा घोटा मुरगळता मुरगळता वाचला. हे फक्त माझंच नाही, ऑस्ट्रेलियात वोलनगाँग युनिव्हर्सिटीने कोळसा खाणीतल्या कामगारांच्या बुटांवर अभ्यास केला त्यातही गमबूटवाल्यांचं हेच गाऱ्हाणं होतं, पाय आत सरकतो, घोट्याला आधार नाही. आणि घोटा, गुडघा, कंबर या इजांची बातमी होत नाही हो, पण माणूस महिना महिना घरी बसतो, परत आला तरी पहिल्यासारखा वाकत नाही. मी जाड मोजे आणि वेगळा इनसोल घातला तेव्हा कुठे जमलं. पाणी फार नसेल तर लेसवाला लेदर बूट 'एम' शिक्क्याचा मिळतो, तो घोट्याला जास्त चांगला धरतो, पण आमच्या डिपला, म्हणजे खाणीच्या उताराकडच्या खोल भागात, पाणी गुडघ्याखालपर्यंत असतं, तिथे गमबुटाला पर्याय नाही.

वजन. जोडी पावणेतीन किलो भरली. शिफ्टच्या शेवटी जाणवतं, मांडीला जाणवतं. उकिडवं बसताना गार्ड घोट्याच्या पुढे टोचतो, महिनाभराने तो थोडा सैलावला पण पूर्ण गेला नाही, त्यामुळे ज्यांची सीम (खणायचा थर) बुटकी आहे आणि दिवसभर गुडघ्यावर काम आहे त्यांनी आधी घालून, बसून, रांगून बघावं आणि मगच घ्यावं. सोलची पकड ओल्या दगडावर मस्त, ऑइल सांडलेल्या प्लेटवर ठीकठाक. टाचेकडची नक्षी आठ महिन्यांत अर्धी झिजली, यापेक्षा जास्त टिकायला हवी होती.

मागच्या आठवड्यात प्लेट लावताना हातातून निसटली आणि डाव्या पायावर आली, धारेवर. दणका पार गुडघ्यापर्यंत गेला, दोन मिनिटं बसूनच राहिलो, मग बूट काढला तर पायावर लाल वळ, बाकी काही नाही, बोटं हलवून बघितली, पाचही हलली. बुटावर वरून जेमतेम खूण दिसते. तरी एकदा मार खाल्लेला गार्ड किंवा टो परत वापरायची नसते, वरून चांगली दिसली तरी आतून गेलेली असू शकते, म्हणून मी रजिस्टरमध्ये नोंद केली आणि जोडी बदलायला दिली. नोंद करताना एकजण म्हणाला काही लागलं नाही तर कशाला लिहितोस. लिहिलं मी. प्लेट कुठे नि कशी निसटली हे लिहिल्यामुळेच आता तिथे प्लेट ठेवायला स्टँड आलाय.

नवीन जोडी हीच घेतोय, फक्त या वेळी वर आवळायचा पट्टा असलेली. आणि तो ज्याचा पाय मोडला होता ना, तो परत कामावर आलाय, हळू चालतो अजून, त्याच्यासाठी पण एक जोडी सांगितली आहे, इनसोलसकट.