खाजणातली कोळंबी की बंदरावरचा बळा? निर्यातीत पैसे घालण्याआधी

खाडीकाठी थोडं खाजण पडून आहे, हातात बेताची पुंजी आहे, अशा कोकणातल्या घरांत हल्ली एक विषय हमखास निघतो. व्हनामी कोळंबीचं (तळ्यात वाढवायची परदेशी जात) तळं करायचं, की बंदरावर माल उचलून निर्यातीच्या कारखान्यांना पुरवायचा? नाव दोन्हीकडे एक्स्पोर्टचंच. गेल्या काही वर्षांचे आकडे मात्र सांगतात की हे दोन निराळे धंदे आहेत आणि दोघांची भीतीही निराळी आहे.

आधी सगळ्यांना भुरळ घालणारा हिशोब. 2024-25 मध्ये देशातून सुमारे 16 लाख 98 हजार टन मासळी बाहेर गेली, 62,408 कोटी रुपयांची. त्यात गोठवलेली कोळंबी 7 लाख 41 हजार टन आणि तिचे 43,334 कोटी. भागाकार केला तर कोळंबीला किलोमागे साधारण 584 रुपये पडतात, आणि बांगडा, बळा (लांब पट्टीसारखा चंदेरी मासा), म्हाकूल (स्क्विड), सुरिमी (माशाच्या मांसाचा गोठवलेला लगदा) असा बाकीचा सगळा माल एकत्र धरला तर जेमतेम दोनशे. बहुतेक जण इथेच तळ्याकडे वळतात.

पण दोन वर्षं मागे जाऊन बघा. 2022-23 मध्ये कोळंबी 7 लाख 11 हजार टन गेली होती आणि तिचे आले होते 43,135 कोटी. म्हणजे दोन वर्षांत तीस हजार टन माल जास्त पाठवला आणि वर मिळाले दोनशे कोटी. डॉलरमध्ये तर 548 कोटींवरून 517 कोटींवर घसरण आहे. रुपया स्वस्त झाला म्हणून आपल्याकडचा आकडा सावरलेला दिसतो, एवढंच. मधल्या काळात इक्वेडोरने कोळंबीचा एवढा माल जगात ओतला की भाव ठरवणं आपल्या हातात राहिलं नाही.

दुसरी गोष्ट गिऱ्हाइकाची. अमेरिकेला जाणाऱ्या आपल्या मासळीत किमतीने नव्वद टक्क्यांहून जास्त एकटी कोळंबी असते, तीही तळ्यातली. ट्रॉलरच्या जाळ्यांत कासवं अडकतात म्हणून समुद्रातली आपली कोळंबी अमेरिकेने 2019 पासून बंद केली आहे. थोडक्यात, तळं काढणारा एका जातीवर आणि बऱ्याच अंशी एका देशावर पैसे लावतो. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने आयातशुल्क 50 टक्क्यांवर नेलं तेव्हा याचा अर्थ आंध्रातल्या शेतकऱ्यांना कोणी समजावून सांगावा लागला नाही.

हे काही पहिल्यांदा घडत नाही. 1953 मध्ये कोचीहून पहिली गोठवलेली कोळंबी अमेरिकेला गेली. त्याआधी आपला व्यापार सुक्या मासळीचा, ब्रह्मदेश आणि सिलोनकडे. पुढे जपान मोठा गिऱ्हाईक झाला. नव्वदच्या दशकात टायगर कोळंबीची तळी पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने बसली, 1997 मध्ये युरोपने कारखान्यांच्या स्वच्छतेवरून माल अडवला. 2009 मध्ये व्हनामीला परवानगी मिळाली आणि आलेख पुन्हा वर गेला. प्रत्येक वेळी निर्यात सावरली. सावरेपर्यंत तग धरला तो मोठ्या खिशाच्या माणसाने.

आता तळं जवळून. पीक तीन-चार महिन्यांचं, आणि निम्म्याहून जास्त खर्च खाद्याचा. खाद्य टाकल्यावर दोन तासांनी तळातला ट्रे वर काढायचा. त्यात खाद्य उरलंय का, कोळंबीचं आतडं भरलेलं दिसतंय की तुटक, विष्ठेचा दोरा तपकिरी आहे की पांढरा, हे पाहायचं. दोरा पांढरा दिसला की झोप उडते. ईएचपी (कोळंबीच्या पचनग्रंथीत वाढणारा सूक्ष्म परजीवी) लागला तर कोळंबी मरत नाही, वाढत नाही. खात राहते आणि शंभर काऊंटवर (किलोत शंभर नग, म्हणजे बारीक) अडकते. त्यावर औषध नाही. आणि औषध म्हणून कोणी बंदी असलेलं अँटिबायोटिक सुचवलं, तर तो माल परदेशी बंदरावरून परत येऊ शकतो हे लक्षात ठेवा. पहाटेच्या आधी पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो, म्हणून वीज गेली तर जनरेटर तेव्हाच चालायला हवा. आपल्याकडे रात्री लाइट कधी जाते हे वेगळं सांगायला नको.

कोकणात पावसाचीही भर. आंध्रात जी पिकं बसतात ती इथे तशीच बसतील असं धरू नका. जुलैत खाडी गोडी होते, तळ्याचं पाणी एका रात्रीत बदलतं. बियाणं बहुतेक आंध्र-तमिळनाडूच्या हॅचरीतून येतं, तो प्रवास वेगळा. कागदपत्रांत कोस्टल ॲक्वाकल्चर ऑथॉरिटीची (किनाऱ्यावरच्या मत्स्यशेतीवर देखरेख ठेवणारी केंद्राची संस्था) नोंदणी हवीच. खाजणात कांदळवन उगवलं असेल, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानंतर तो विषय तिथेच संपतो.

बंदरावरचा माल उलट वृत्तीचा. पापलेट, सुरमईला आपल्याच बाजारात चांगला दाम मिळतो. कारखाने जास्त करून उचलतात ते आपल्या ताटात मान नसलेले मासे: बळा, म्हाकूल, राणी, चोर बोंबील. राणी माशाची सुरिमी होते, बळा चीनला जातो. 2024-25 मध्ये चीनने 3 लाख 96 हजार टन घेतले, किलोला सव्वातीन डॉलरच्या आत. अमेरिकेचा सरासरी दर पावणेआठ डॉलरच्या पुढे होता. दर कमी, पण गिऱ्हाइकं जास्त: चीन, थायलंड, व्हिएतनाम, जपान, युरोप. एक दार बंद झालं तर कारखाना माल दुसरीकडे वळवू शकतो.

इथे कमाई नजरेवर आहे. बळ्याला खवले नसतात, वर्ख असतो. बोट फिरवलं की चांदी बोटाला लागते. होडीत बर्फ कमी पडला, मासा घासला, की वर्ख निघतो, पोट मऊ पडतं, आणि तोच क्रेट निर्यातीच्या ढिगातून फिशमीलच्या (माशांच्या पुडीच्या) ढिगात जातो. भावातला फरक तुमचा तोटा. लिलावात पैसे लगेच मोजायचे आणि कारखान्याकडून सावकाश यायचे, म्हणून भांडवल कायम अडकलेलं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, तेव्हा भाडं आणि व्याज चालू. आणि खरी काळजी पुढची आहे: समुद्र मनाजोगता माल देईलच असं नाही. 2023 पासून महाराष्ट्रात 54 जातींच्या पकडीला किमान लांबी ठरलेली आहे. बारीक माल स्वस्तात उचलण्याची सवय असलेल्यांना ती जड जाते. मला तो नियम योग्यच वाटतो.

माझं मत विचाराल तर घरात कोणी लिलावात उभं राहणारं असेल, मासा ओळखणारं असेल, तर बंदर. फायदा पातळ आहे, पण एका रात्रीत सगळं जात नाही. तळं त्यानेच करावं ज्याची जमीन स्वतःची आहे, वीज आणि जनरेटर दोन्ही आहेत, आणि एक पीक पूर्ण बुडालं तरी पुढच्याचं खाद्य उधार घ्यावं लागणार नाही. कर्जावर पहिलं तळं नको. अगदीच मन होत असेल तर एकच तळं करा, पन्नास काऊंटला उपसा, तीस काऊंटच्या भावाची वाट पाहू नका. आणि ठरवण्याआधी एक काम फुकटात होतं: जुलैच्या मध्यावर आपल्या खाजणातल्या पाण्याची क्षारता मोजून घ्या, आणि ज्या कारखान्याला माल देणार त्याच्या जुन्या पुरवठादाराला विचारा, मागच्या मेचे पैसे कधी मिळाले.